घरी शेवटचं भांडण कोणाशी झालं?

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर गावातल्या लोकांना वाटतं मी माझ्या दादाचं नाव घेईन. त्यात चूक काही नाही. बाबा गेल्यावर दादानं पुण्यात बांधकामावर राबून मला शिकवलं, आणि आमच्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती त्याच्यामुळे. पण दादाला विचारा, तो स्वतःच सांगतो, "राऊत मॅडमचं नाव घे. त्या नसत्या तं उपकार फेडाले तुले दादाच नसता भेटला." म्हणून ते नाव आधी लिहितो : प्रमिला राऊत. त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते भांडणाचं होतं.

मी समाजकार्याची पदवी घेऊन वाशीमला एका संस्थेत नोकरीला लागलो होतो. आमच्या जिल्ह्यातून कामासाठी पुणे, सुरत, हैदराबादकडे जाणारी माणसं सोयाबीनच्या सोंगणीला आणि दिवाळीला गावी परततात. त्या दिवसांत गावोगाव जाऊन त्यांची विचारपूस करायची, आणि कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर ते वेळेत ओळखून त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं, हे संस्थेचं काम. त्यासाठी एक प्रश्नावली होती. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि ती प्रश्नावली संस्थेतल्या माझ्या वरिष्ठ राऊत मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवली. घरी आरशासमोर सराव केला होता. मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"काय रे, तू इचारून राह्यला का भाषण देऊन राह्यला?"

"मॅडम, प्रश्न जसेच्या तसे विचारायचे असतात, असं प्रशिक्षणात सांगितलंय."

"सांगितलं असन. हे प्रश्न मराठीत म्याच आणले, मले शिकवू नको. शब्द तेच ठेव, पण आवाज तहसीलदाराचा काहून लावतो? तुह्यासमोर माणूस बसला हाये, बापू. मोर्चा नाही आला."

मी ओशाळलो. त्यांनी पिशवीतून एक काकडी काढली, मोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खाय. अन् आता भांड. मी चुकीची असन तं सांग." मी काहीच बोललो नाही, तर त्या नाराज झाल्या. हे मला फार उशिरा समजलं, की त्या दिवशी मी उलट बोललो असतो तर त्यांना जास्त आवडलं असतं.

मॅडम ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याला काळी दोरी. वाशीमच्या कडेला त्यांच्या भावाची भाजीपाल्याची वाडी होती, आणि त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत कागदांच्या शेजारी नेहमी मेथी, वांगी, नाहीतर दोडके असत. नागपूरला शिकून त्यांनी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात बरीच वर्षं काम केलेलं. पती वारलेले, मुलगा बंगळूरला. दिवसभर त्या कुणाशी ना कुणाशी भांडत असत. चहावाल्याशी अद्रकावरून, कंडक्टरशी मागच्या दारावरून, डॉक्टरांशी त्यांच्या अक्षरावरून. कामरगावहून आमच्या गावी, धनजला, जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरनं आणखी एक माणूस कोंबला की त्या कडाडत, "अरे, माणसं हायेत का पऱ्हाटीच्या पेंढ्या?" ड्रायव्हर हसत हसत म्हणे, "मॅडम, तुमी ज्या दिवशी येत नाही ना, त्या दिवशी गाडी सुनी सुनी वाटते." आणि आमच्यासाठी पुढची जागा धरून ठेवी.

गावात गेल्यावर मात्र त्यांची एक पद्धत होती. प्रश्नावली उघडण्याआधी त्या ती मांडीवर पालथी ठेवत आणि समोरच्याला विचारत, "भाऊ, घरी शेवटचं भांडण कोणाशी झालं?"

माणसं आधी दचकत, मग हसत, मग सुरू होत. "कायचं सांगू मॅडम, काल आलो तं बायको म्हणे, पंख्याचं बटन कवापासून बिघडलं हाये, तुमाले फोनवर सांगू सांगू थकली." एकजण तर रागानं लाल होऊन सांगत होता, की शेजाऱ्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवला तरी बाप त्याच्याशी भांडत नाही आणि मी भांडतो तर मलाच गप्प बसवतो. मॅडम खुशीत मान डोलवत. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणत, "याची मले चिंता नाही. याचा घरात पाय हाये अजून."

आणि एखादा म्हणे, "नाही मॅडम, आमच्याइथं भांडण नाही. मले कोणी शब्दानं बोलत नाही." हे वाक्य आलं की मॅडमचा चेहरा बदले. त्या पिशवी खाली ठेवत, खुर्ची पुढे ओढत आणि त्या माणसापाशी खूप वेळ बसत.

मला हे उलटं वाटायचं. एकदा जीपची वाट पाहताना मी विचारलंच, "मॅडम, भांडण नसणं चांगलंच ना?"

त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाल्या, "कामरगावचा एक पोरगा होता. सुरतेले जाये. हसरा. त्याचा फॉर्म म्याच भरलता. सगळं बरं हाये, सगळं बरं हाये, प्रत्येक प्रश्नाले एकच उत्तर. मी बी लिहिलं, सगळं बरं हाये. पुढच्या दिवाळीले तो आलाच नाही. त्याची बातमी आली. मी भेटाले गेली तं त्याची माय मले पुन्हा पुन्हा एकच सांगे, 'बाई, आमी त्याले कधी एक शब्द बोललो नाही. कायचा तरास म्हणून दिला नाही. चुलता वारला, सांगितलं नाही. म्हैस गेली, सांगितलं नाही. आला की आयतं ताट.' मी ते ऐकून राह्यली, अन् माह्या अंगावर काटा आला, मंगेश. सारं घर त्याले पाहुणा करून बसलं होतं. मायेनं. त्याले वाटलं असन, माह्यावाचून या लोकायचं सगळं चालते."

"म्हणजे घरच्यांमुळे..."

"चूप!" त्या खरोखर रागावल्या. "त्या माऊलीचा दोष नाही. असं एका कारणानं होत नसते, दहा गोष्टी असतात, काही आपल्याले कधी समजतच नाही. दोष कायले शोधतो? खूण शोध. माणसाले दोन गोष्टी लागतात. आपलं म्हणणारं कोणी तरी, अन् आपल्यावाचून अडणारं काही तरी. दोन्ही सुटल्यासारखं वाटलं, की माणूस भार समजाले लागते स्वतःले. हेच तुह्या प्रश्नावलीत लिहिलं हाये, मोठ्या शब्दांत. मी फक्त त्याच्या आधी दार वाजवते."

त्या पोराची बातमी आल्यापासून मॅडम भांडणाची पत्रं लिहून घेत. ज्याचा माणूस बाहेरगावी असेल त्या घरी बसून त्या बायकोला, आईला सांगत, "लिहा, काय काय बिघडलं, कोण कोणाशी बोलत नाही, त्याचं काय चुकलं. गोड काही लिहू नका." लोक म्हणत, फोन आहे की. मॅडम म्हणत, "फोनवर माणूस भांडण कट करते. कागद कट होत नाही."

हे सगळं मी शिकलो, इतर गावांत वापरलं, आणि तरीही पुढे जे झालं त्यानं मी मुळापासून हादरलो.

त्या वर्षी दादा पुण्याहून आधीच परतला होता. परांचीवरून पडून त्याच्या कमरेला मार बसला होता. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती. धनजच्या घरात ओसरीवर त्याची खाट टाकली आणि आम्ही सगळे त्याला जपू लागलो. वहिनी पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात आणून देई. आई म्हणे, "इतकी वर्सं बाहेर राह्यलं माहं लेकरू, आता तरी सुखानं दोन घास खाऊ द्या त्याले." मोठ्यानं बोलायचं नाही, घरातली अडचण त्याच्या कानावर घालायची नाही, असा आईचा हुकूमच होता. बहिणीची, सुनीताची, सोयरीक तो पुण्यात असतानाच ठरली होती. त्याचे खाडे पडतील म्हणून त्याला बैठकीला बोलावलं नव्हतं. मामा आणि मी बसलो होतो, आणि त्याला फोनवर तारीख कळवली होती. तो "बरं झालं" म्हणाला होता. आम्हाला वाटलं, तो खूश आहे.

हा तोच दादा, ज्याची हाक वावरातून घरापर्यंत यायची. आता तो ओसरीवर पडून असायचा, कुणी आलं की उठून बसायचा, हसायचा, आणि पुन्हा आडवा व्हायचा. आई म्हणायची, "किती शांत झाला माहा गजानन!" मलाही ते बरंच वाटायचं.

धनजचं काम होतं त्या दिवशी मी मॅडमना दुपारी घरी जेवायला बोलावलं. त्यांनी पिशवीतून वांगी काढून वहिनीला दिली. वहिनीनं तिखट भाजी केली, ज्वारीच्या गरम भाकरी टाकल्या. दादाचं ताट खाटेवर, आमची पाटावर. मॅडमनी एक घास घेतला, आणि सवयीनं, अगदी सहज, दादाकडे पाहून विचारलं, "काय गजाननभाऊ, घरी शेवटचं भांडण कोणाशी झालं?"

दादा हसला. "कोनाशीच नाही मॅडम. देवमाणसं हायेत सारे. मले कोणी शब्दानं बोलत नाही."

मी ते ऐकलं, तरी ऐकलं नाही. मी भाजीत भाकर बुडवत होतो. मॅडमनी मात्र ताट बाजूला सारलं.

"बरं. मंग तुमच्यावाचून घरात कोणतं काम अडून राह्यलं?"

"काहीच नाही अडत." दादा अजून हसतच होता. "तेच तं पाहून राह्यलो इतके दिवस. काहीच नाही अडत."

मॅडम उठल्या आणि त्याच्या खाटेपाशी जमिनीवर बसल्या. आवाज कुजबुजता केला नाही, मोठाही केला नाही. "गजाननभाऊ, आता मी सरळ इचारते. इचारल्यानं हे कोणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नसते. आधीच आलेलं असन, तं सांगाले वाट भेटते. मरून जावं, असं मनात येते का?"

आई ताडकन उठली. "मॅडम! भरल्या ताटावर हे काय बोलता तुमी! माह्या पोराले काय कमी हाये घरात?"

"येते," दादा म्हणाला.

एवढंच.  आई उभीच होती, आणि भाकरीच्या टोपलीवरचा फडका खाली वाकून नीट करत राहिली, पुन्हा पुन्हा. वहिनीनं चुलीतलं लाकूड ओढून बाहेर घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मी गावोगाव हाच प्रश्न विचारत फिरत होतो, आणि त्याचं हे उत्तर माझ्या ओसरीवर, माझ्या दादाच्या तोंडून, "पाणी देतं का" म्हणावं तितक्या साध्या आवाजात आलं होतं. 

दादाला एकदा सुरुवात झाल्यावर थांबवेना. "कमरेनं गेलो मी. आता उचलणं नाही, कमावणं नाही. माह्या पाठीमागं माय दिवसभर उभी, बायको उभी. मंगेशचं लगन माह्यापाई अडलं. सुनीताची सोयरीक झाली, माह्यावाचून झाली, चांगली झाली. मी इचार करतो, मी नसलो तं हे सारे मोकळे होतीन."

"मोकळे!" वहिनी पहिल्यांदा बोलली. हातातलं लाकूड तिनं चुलीपुढं टाकलं.

आई रडू लागली, मीही उठलो. मॅडमनी हात वर करून आम्हाला थांबवलं. "रडा, पण त्याच्या अंगावर पडून रडू नका. त्याले पुन्हा वाटन, मीच रडवलं." मग त्यांनी दादाला आणखी काही विचारलं, शांतपणे, की हे विचार किती येतात, कधी जास्त येतात, काही ठरवलं आहे का. दादा उत्तरं देत गेला. ते ऐकून मॅडमनी मला बाजूला बोलावलं आणि घरात धोक्याचं जे जे होतं ते शेजारच्यांच्या कुलपात ठेवायला लावलं, दादाला एकटं सोडायचं नाही असं बजावलं, आणि वाशीमच्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. दादाला म्हणाल्या, "चला. कमरेचा डॉक्टर पाह्यला ना, आता याचा पाहू. दुखणं दोन जागी हाये, एका जागी मलम लावून काय होते?"

आम्ही त्याच दुपारी निघालो. कारंज्याहून वाशीमच्या बसमध्ये मी दादाच्या पुढच्या सीटवर बसलो होतो. मागं वळून पाहायची हिंमत होत नव्हती.  मग मॅडमचा आवाज आला, "काही म्हणा गजाननभाऊ, वांगं हे पाणथळ जमिनीतलंच खावं. तुमच्या कोरड्या रानातलं वांगं म्हणजे लाकूड."

मॅडमनी पुन्हा डिवचलं.

"आमच्या वाडीतलं तुमी खाल्लं ना आज? तसं वांगं धनजले पिकूच शकत नाही."

"मॅडम," दादा म्हणाला, "ते वांगं पचपचीत होतं."

"पचपचीत?"

"पाणी पिऊन फुगलेलं. तुमाले वांग्यातलं काही समजत नाही. वांग्याले पाण्याची तान द्यावी लागते, तवा त्याले चव येते."

"शिकवून राह्यले का मले? माह्या बापानं जन्म काढला वाडीत!"

"तं मंग त्यायनं सांगितलं नाही तुमाले!"

आवाज इतका चढला की कंडक्टरनं मागं पाहिलं. मी खिडकीकडे तोंड करून रडलो. कित्येक महिन्यांत दादाचा तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. बसस्टँडवर उतरल्यावर मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, दादा बरा होतोय." त्या माझ्यावर डाफरल्या. "एवढ्यानं हुरळू नको. भांडण हे काही दवाई नाही. ती खूण हाये, जीव अजून ओढ घेते याची. दवाई डॉक्टरीणबाई देतीन, ती रोज द्याची, अन् बोलावतीन तवा आणाचं. समजलं?"

औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई दादाशी एकट्याशी बोलत, मग वहिनीला आत बोलावत. बरं होणं हळूहळू झालं, मध्ये मागेही गेलं. घरासाठी मॅडमचा हुकूम मात्र वेगळा होता : त्याच्यापासून काही लपवायचं नाही, प्रत्येक गोष्ट त्याला विचारायची, आणि चुकला तर बोलायचं.

आईला ते जमेना. "कमरेनं अधू पोरावर ओरडू कशी मी?" ती म्हणे. वहिनीनं सुरुवात केली, तीही घाबरत. शेळीनं वाळत घातलेली तूर खाल्ली होती आणि दादा समोर बसलेला होता. वहिनी आमच्याकडे पाहून, जणू परीक्षेला बसल्यासारखी, म्हणाली, "अहो, डोळे फुटले होते का तुमचे?" आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. दादा चकित होऊन पाहत राहिला. मग तो उठला, शेळी बांधली आणि उरलेली तूर गोळा केली. कुणी त्याला मदत केली नाही. मॅडमनी तसं सांगितलं होतं. पण आम्ही सगळेच दाराआड उभं राहून पाहत होतो.

खरा स्फोट लग्नाच्या यादीवरून झाला. मामा पाहुण्यांची यादी सांगत होते, आणि दादा एकदम गरजला, "माह्या बहिणीची सोयरीक, अन् मले तारीख कळवता? मी काय बाहेरचा होतो? हा मंगेश, कालचं पोट्टं, माह्या जागेवर बसला, अन् तुमाले चाललं?" तो खूप बोलला. कधीपासूनचं साचलेलं सगळं बोलला. मामा निघून गेले, आई रडली, दोन दिवस घरात अबोला होता. मी घाबरून मॅडमना फोन केला. पलीकडे त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मी फोन कानापासून दूर धरला.

"अरे, पेढे वाट! डॉक्टरीणबाईले सांग, पेशंट भांडला म्हणून. अन् आता त्या मामाले घेऊन येजो दादाच्या हातानं."

मामाला आणायला दादाच गेला. सुनीताच्या लग्नात पंगतीत वाढप कुणी करायचं, मांडव कुठल्या बाजूनं, सगळं त्यानं ठरवलं, आणि सगळ्यांशी भांडून ठरवलं.

दादा आता जड उचलत नाही. कामरगावला एका दुकानात बसतो. आणि आणखी एक काम करतो, जे त्याला कुणी सांगितलं नाही. धनजची जी माणसं बाहेरगावी आहेत त्यांना तो मोबाइलवर स्वतःच्या आवाजात गावच्या भांडणांची खबर पाठवतो. कुणाचा बैल कुणाच्या वावरात शिरला, हातपंपावर कोण कोणाला काय बोललं, आणि शेवटी नेमकं त्या माणसाला, "अन् तुह्या बापानं धुऱ्यावरचं झाड तोडाचं ठरवलं हाये. तुह्यं काय म्हणणं हाये ते सांग, नाहीतर मंग बोंबलू नको." सुरतेहून, पुण्याहून शिव्यांसकट उत्तरं येतात. दादा ती आईला ऐकवतो.

मॅडमनी काम सोडलं. गुडघे दुखत होते, आणि मुलगा बंगळूरला बोलावत होता. निघताना स्टँडवर त्यांनी हमालाशी, माझ्याशी आणि जाता जाता शेजारच्या बाईशी खिडकीवरून भांडण केलं. आम्ही हसत हसत निरोप दिला.

मग परवा त्यांचा फोन आला. आवाज बारीक. मी विचारलं, कशा आहात. त्या म्हणाल्या, "बरं हाये रे. फार जपतात मले. मुलगा, सून, दोघं बी गुणी. हातात चहा आणून देतात. स्वयंपाकाले बाई हाये, भाजी घरपोच येते. मले कोणी शब्दानं बोलत नाही. सगळं बरं हाये."

मी फोन ठेवला. ते वाक्य मी कुठं ऐकलं होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. मी तसाच उठून दुकानात दादाकडे गेलो आणि शब्दन् शब्द सांगितला. दादानं हातातलं माप खाली ठेवलं.

"मंग्या, हे तं माहं बोलणं हाये," तो म्हणाला. "लाव फोन. अन् सरळ इचार. त्यायनं मले इचारलं तसं."

मी लावला.  विचारलं, त्यांच्याच शब्दांत.  मग मॅडम म्हणाल्या, "तितकं नाही रे. तितकं नाही अजून. पण जीव लागत नाही. सकाळी उठून वाटते, आज आपलं काय काम हाये? तर काहीच नाही." पुढे म्हणाल्या, "मले हे कोणी इचारलंच नव्हतं. तू इचारलं, बरं केलं."

मी त्यांना डॉक्टरीणबाईंशी बोलायचं कबूल करायला लावलं. त्या भांडल्या नाहीत, लगेच हो म्हणाल्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांच्या परवानगीनं मी त्यांच्या मुलाशी बोललो. तोही माझ्यासारखाच हादरला. मग मी आणि दादा दुकानातच बसलो आणि हे पत्र लिहिलं.

मॅडम,

नमस्कार लिहीत नाही, कारण मी तुमच्यावर रागावलो आहे.

तुम्ही काम अर्धवट टाकून गेलात. तुमच्या जागी ज्या दोन मुली आल्या आहेत त्या "शेवटचं भांडण कोणाशी झालं" हे तहसीलदाराच्या आवाजात विचारतात. मी त्यांना बोललो तर त्या म्हणाल्या, तुम्हीच दाखवा कसं विचारायचं. मला तुमच्यासारखं विचारता येत नाही. हे तुम्ही मला शिकवलंच नाही. दर रविवारी सकाळी फोनवर त्यांना तुम्ही शिकवायचं आहे. मी त्यांना तसं सांगून टाकलं आहे, तुम्हाला न विचारता. राग आला तर कळवा.

तुम्ही वहिनीला वांग्याचं बी पाठवते म्हणाला होतात. आलं नाही. वाफा करून ठेवला आहे, त्यात आता गवत उगवलं आहे. वहिनी म्हणते, मॅडम शब्दाच्या पक्क्या नाहीत.

तुमच्या मुलाला मी सांगितलं आहे की आईला चहा हातात देऊ नका, आईला करायला लावा, आणि बिघडला तर बोला. तो म्हणाला, "मी आईला कसं बोलू?" तुम्हीच सुरुवात करा. त्याच्या घरपोच येणाऱ्या भाजीवरून करा. ती शिळीच असणार.

सुनीताला मुलगी झाली हे तुम्हाला कळवलं नव्हतं, तुम्हाला प्रवासाचा त्रास नको म्हणून. पाहा, आम्ही पुन्हा तीच चूक केली. यावर तुम्ही मला हवं तेवढं बोला. पण मुलीचं बारसं झालेलं नाही. नाव तुम्ही ठेवायचं, असं दादानं सगळ्यांशी भांडून ठरवलं आहे. पोरगी आता मान धरते, आणि सगळं घर तिला नुसतं "ए पोरी" म्हणतं. सुनीताच्या सासूचा राग वाढत चालला आहे. तो तुमच्यामुळे आहे. येऊन निस्तरा. गुडघे दुखतात हे कारण चालणार नाही. कारंज्याच्या स्टँडवर मी येतो, आणि जीपवाल्यानं पुढची जागा धरली आहे.

उत्तर लिहा. त्यात "सगळं बरं हाये" असं लिहिलं तर पत्र परत पाठवीन.

तुमचा,
मंगेश

ता. क. खालचं दादानं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.

मॅडम, तुमाले वांग्यातलं काही समजत नाही. समजत असन तं येऊन दाखवा. — गजानन